पुतणीचं रक्त, माझी सही

माझे वडील आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत आणि गावात दारुडा म्हणून गेले. चाळिशीच्या आतच त्यांचा तोल जायला लागला. बांधावरून चालताना पाय भलतीकडेच पडायचा, पुढं जीभ जड झाली, शेवटी घास गिळवेना. आजोबांचं तसंच झालं होतं, थोरल्या चुलत्यांचंही. गडमुडशिंगीत आमच्या भावकीची वीसेक घरं, आणि बहुतेक घरांत असा एखादा माणूस असायचाच. लोक म्हणायचे, ह्यांच्यात सगळेच पितात. एखाद्या बाईचा तोल गेला तर अंगावरून वारं गेलं म्हणायचे. आमच्या माणसांनी यातलं काहीच कधी खोडून काढलं नाही. उलट माझ्या बहिणींना बघायला पाहुणे येणार असले की आई सोप्यातल्या कोनाड्यात एक रिकामी बाटली सहज दिसेल अशी ठेवायची. दारुड्याच्या मुलीला स्थळ मिळतं, रोगाच्या घरातल्या मुलीला मिळत नाही, हा तिचा अंदाज, आणि तो चुकला नाही. दोन्ही बहिणींची लग्नं त्या बाटलीवर झाली.

मला या खोटेपणाची लहानपणापासून चीड होती. मी शिकलो, कोल्हापुरात हायस्कूलला इंग्रजीचा मास्तर झालो, कळंब्याच्या बाजूला घर बांधलं. पस्तिशी ओलांडल्यापासून रोज सकाळी तलावाच्या कडेनं फिरताना मी एका सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालून बघायचो. पन्नाशी गाठली तरी पाऊल चुकलं नाही. म्हणून चालणं थांबवलं असं नाही, पण भीती थोडी सैल झाली. त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ पडला. तो गावातच राहून शेती आणि चार म्हशी बघायचा. दूध घालायला जाताना किटलीसकट रस्त्यावर आडवा झाला आणि दोन पोरं हसली, सकाळीच घेतलीय म्हणून.

तेव्हा मी ठरवलं की आता बास झालं. या दुखण्याला नाव असणार, ते रक्तातून येत असणार, आणि त्याचा शोध घेणारी माणसं कुठंतरी असणारच. एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेला मी स्वतः पत्र लिहिलं, आमच्या घराण्याची हकीकत चार पानं भरून कळवली. पंधरा दिवसांत त्यांचा फोन आला. गोड बोलणारी माणसं होती. त्यांनी विचारलं, वंशावळ मिळेल का?

वंशावळ माझ्याकडं तयारच होती. आमच्याकडं कर्नाटकातून हेळवी येतात. पिढ्यानपिढ्या ठरलेल्या घरांच्या वंशावळी ते आपल्या दप्तरात लिहून ठेवतात, दोन-चार वर्षांनी बैल घेऊन येतात, दारात बसून सगळ्या पूर्वजांची नावं वाचून दाखवतात, नव्यानं जन्मलेल्यांची नावं चढवतात आणि धान्य, कपडे घेऊन पुढच्या गावाला जातात. आमच्या म्हाताऱ्या हेळव्याचा एक नियम होता. एका भावकीचं दप्तर तो दुसऱ्या भावकीच्या दारात सोडायचा नाही. शेजारच्या घराण्यानं सोयरीक जुळवायच्या आधी आमचं मूळ विचारलं, तर तो म्हणायचा, त्यांचं त्यांच्या दारात येऊन ऐका. मी मास्तर म्हणून हट्टानं त्याच्यासमोर बसून सात पिढ्या एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. ती वही मी त्या संस्थेकडून आलेल्या बाईंच्या हातात दिली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला अभिमान वाटला. तो अभिमान आठवला की आता कानशिलं तापतात.

शिबिर दूध संस्थेच्या हॉलमध्ये झालं. त्याला नऊ वर्षं झाली. सकाळचं संकलन उरकलं, हॉल धुऊन काढला आणि तिथंच टेबलं मांडली. आमच्या भावकीला नमुना देण्याचं काय अप्रूप? रोज सकाळ-संध्याकाळ दुधाचा नमुना देतात, यंत्र फॅट सांगतं, चिठ्ठी मिळते, उरलेलं दूध सगळ्यांच्या दुधात मिसळून टँकरनं जातं. ते कुठं जातं, त्याचं पुढं काय करतात, हे कुणी विचारत नाही. रक्ताचंही त्यांनी तेच धरलं. एका चुलत आज्यानं सुई काढल्या काढल्या विचारलं, "फॅट किती लागली म्हणायची?" सगळा हॉल हसला. ती संशोधन संस्थेची माणसंही हसली.

संमतीचे कागद चार पानांचे, इंग्रजीत होते. मराठीतले आणायचे राहिले होते, आणि वाचून दाखवायला मी होतोच. मी खुर्चीवर उभा राहून मोठ्यानं मराठी करून सांगितलं. तपासणी फुकट आहे. नाव गुप्त राहील. उद्या औषध निघालं तर आपल्याच लेकरांना उपयोग. तिसऱ्या पानावर एक परिच्छेद होता. नमुना आणि त्यातून निघणारी माहिती देशातल्या आणि देशाबाहेरच्या सहयोगी संस्थांना व कंपन्यांना देता येईल, पुढच्या कुठल्याही संशोधनाला वापरता येईल, आणि एकदा दिलेली माहिती परत घेता येईलच असं नाही. तो परिच्छेद मी गाळला.

मी तो वाचला नव्हता असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी वाचला होता आणि मला कळलाही होता. लोकांना वैरणीला जायचं होतं, चुळबुळ सुरू झाली होती, आणि देशाबाहेर म्हटलं की निम्मी म्हातारी उठून जातील हे मला ठाऊक होतं. मला शिबिर पार पाडायचं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं खोटं मी एका सकाळीत निकालात काढणार होतो.

भावाची मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. शनिवारची सकाळची शाळा सुटून ती गणवेशातच आली. तिची माझ्यावर माया, माझी तिच्यावर जास्तच, कारण मला मूलबाळ नाही. टेबलाजवळ येऊन ती हळूच म्हणाली, "काका, रक्त देतो मी, पण मला सांगायचं न्हाई. मला हुणार असलं तरी न्हाई. पप्पांच्याकडं बघून मला सगळं कळलंय. त्याच्याम्होरं अजून कळायला नगो."

मी म्हणालो, "तुला कोण सांगत न्हाई. माझ्यावर सोड."

संस्थेच्या बाईंनीही मान हलवली. लहान मुलांचे निकाल कुणालाच देत नाही, म्हणाल्या. मग पालकाची सही हवी होती. भावाच्या हाताला कंप होता, पेन धरवेना. भावजय दारात पदर सावरून उभी होती. सातवीपर्यंत शिकलेली, सही येणारी बाई. तिला पुढं ये म्हणायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आमच्यात थोरला चुलता असताना आईनं सही करायची पद्धत नाही. पालक या रकान्यात मी माझं नाव घातलं आणि इंग्रजीत झोकात सही ठोकली.

त्यानंतर काहीच झालं नाही. चिठ्ठी आली नाही, अहवाल आला नाही. दोनदा फोन केला, काम चालू आहे म्हणाले. तिसऱ्यांदा तो नंबरच बंद होता. भावकीतली माणसं मला गाठून विचारायची, "मास्तर, त्या रक्ताचं काय झालं वो?" मी म्हणायचो, वेळ लागतो. हळूहळू तेही विचारायचे थांबले. भाऊ आधी काठीवर, मग खुर्चीवर, मग खाटेवर आला. पुतणी मात्र जिद्दीनं शिकली. फार्मसी केली, राजारामपुरीतल्या एका औषधांच्या दुकानात लागली. बिद्रीकडचं स्थळ आलं, मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. तिनं पहिल्याच भेटीत त्याला घरी नेऊन वडील दाखवले. म्हणाली, मला होईल किंवा होणार नाही, मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं नाही. पोरगा म्हणाला, मग मलाबी नको. आमच्या घरात कोनाड्यात बाटली न ठेवता जुळलेली ही पहिलीच सोयरीक, आणि मला त्याचा फार आनंद झाला होता.

गेल्या वर्षी भावाला घेऊन मी एका मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडं गेलो. तरुण डॉक्टर, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी गाव विचारलं, भावकीत किती जणांना झालंय ते ऐकलं आणि उत्साहानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. "सर, तुमच्याच घराण्यावर पेपर आलाय बहुतेक. बाहेरच्या लोकांनी छापलाय."

गावाचं नाव नव्हतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊस पिकवणाऱ्या एका खेड्यातलं मोठं कुटुंब, एवढंच होतं. लिहिणारे बहुतेक परदेशी, शेवटी आपल्याकडची दोन नावं, खाली एका औषध कंपनीचे आभार. आणि मध्ये आख्खं पान भरून एक तक्ता. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, काळा भरलेला म्हणजे दुखणं झालेलं, पांढरा म्हणजे त्यातून सुटलेला, तिरकी रेघ मारलेला म्हणजे मेलेला. नावं नव्हती, पण नावांची गरज काय? हेळव्याच्या वहीतल्या सात पिढ्या तिथं जशाच्या तशा मांडल्या होत्या. जुळे भाऊ होते. मामाच्या मुलींशी झालेली लग्नं दुहेरी रेघेनं दाखवली होती. आमच्या गावातल्या कुठल्याही जाणत्या माणसाला पाच मिनिटांत घर न घर ओळखता आलं असतं.

मी बोटानं वडील शोधले, काळे. भाऊ, काळा. त्याच्या शेजारी मी, पांढरा चौकोन. भावाच्या खाली एक गोल. तो काळा नव्हता, पांढराही नव्हता. त्याच्या मधोमध एक ठिपका होता.

"ठिपका कशाचा?" मी विचारलं.

"जीन आलेला आहे, लक्षणं अजून नाहीत," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडं बघून त्यांनी पडदा परत वळवून घेतला. भाऊ खुर्चीत मान लटकवून बसला होता. त्याला कळलं नसावं. नसावंच असं मी धरून चाललोय.

घरी येऊन मी दोन दिवस जेवलो नाही. ती पोरगी फार्मसी शिकलेली, वडिलांच्या दुखण्यावर नवीन काय निघालंय ते मोबाइलवर वाचत बसायची तिला सवय. आज ना उद्या हा तक्ता तिच्या पुढ्यात येणार. तो तिच्या आधी मला मिटवायचा होता. निदान तो ठिपका तरी. मी संस्थेला पत्र लिहिलं, परदेशातल्या प्रयोगशाळेला इंग्रजीत मेल लिहिला, आयुष्यात लिहिलं नाही एवढं चांगलं इंग्रजी लिहिलं. संस्थेचं एका ओळीचं उत्तर आलं. संबंधित व्यक्तीनं स्वतः अर्ज करावा.

माझा एक जुना विद्यार्थी कोर्टात वकिली करतो. त्याच्याकडं पुतणीच्या संमतीच्या कागदाची माझ्याकडची प्रत घेऊन गेलो. त्यानं चारही पानं वाचली, तिसऱ्या पानावर जरा थांबला, मग सहीवर बोट ठेवलं. "सर, पोरीची आई हयात होती न्हवं? मग तुम्ही कोण सही करणार?"

"चुलता," मी म्हणालो.

"चुलता म्हणजे कायद्यानं कोणबी न्हाई. ही सही मुळात लागूच व्हत न्हाई. पण तुमच्या या लागू न हुणाऱ्या सहीवर तिचं रक्त साता समुद्रापलीकडं गेलंय, आणि ते मागारी आणायला मात्र तिचीच लागू हुणारी सही लागणार."

मी विचारलं, आपल्याकडं यावर कायदा नाही का? तो हसला, पण मला हसला नाही. वैयक्तिक माहितीचा नवा कायदा आलाय म्हणाला. त्यात माहिती पुसून टाका म्हणायचा हक्क आहे, संमती मागं घ्यायचा हक्क आहे. पण जीनची माहिती म्हणजे काहीतरी वेगळी, जपायची वस्तू आहे असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. फोन नंबर आणि रक्तातला वंश, दोन्ही एकाच गोणीत. माहिती देशाबाहेर पाठवायला मोकळीक आहे, सरकारनं अमुक देशाला देऊ नका असं सांगेपर्यंत. संशोधनाला आणखी सवलत. बाकीच्या काही देशांनी आपल्या माणसांच्या जीनची माहिती परक्यांच्या हाती जाऊ नये म्हणून वेगळे कायदे केलेत, आपलं अजून चाललंय. आणि हे सगळं शिबिरानंतरचं. "रक्ताची बाटली बाहेर धाडायची तर निदान चार कागद रंगवायला लागत्यात," तो म्हणाला. "त्यातनं काढलेली माहिती बटण दाबलं की गेली. अर्ज मी लिहून देतो. पण तिला सांगायला लागंल, सर."

तिला सांगितल्याशिवाय तो ठिपका काढता येत नव्हता, आणि तो ठिपका तिला कळू नये एवढ्यासाठीच तर मला तो काढायचा होता. देऊन टाकायला मी चाललो, परत मागायला मी चालत नव्हतो. मी वकिलावर चिडलो, कायद्यावर चिडलो, गोड बोलणाऱ्या त्या बाईंवर चिडलो. चिडायला जागा उरेना तेव्हा कुठं मी स्वतःपाशी आलो.

अर्ज दोन पानांचा झाला. पहिल्या पानावर तक्त्याचा संदर्भ होता, पिढी आणि क्रमांकासकट, आणि काय काढून टाकावं तेही लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर नुसती सहीची जागा. मी काय केलं ते सांगतो, कारण लपवण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. मी दुसरं पान वर ठेवून दोन्ही पानांना टाचणी मारली आणि रविवारी गावी गेलो. आमच्यात थोरल्यांनी कागद पुढं केला की माणसं सही करतात, वाचत नाहीत. शेतीचे कागद, सोसायटीचे कागद, सगळे असेच झालेत. तिनंही तसंच करावं असं मला मनापासून वाटत होतं. नऊ वर्षांपूर्वी गाळलेला परिच्छेद पुन्हा गाळायलाच मी निघालो होतो.

ती वडिलांना भात भरवत होती. भाताचा अगदी मऊ लगदा करून, एकेक चमचा. मी म्हणालो, "पप्पांच्या दवाखान्याचा कागद हाय. सही कर हितं."

तिनं हात पुसले, कागद घेतला आणि पान उलटलं.

ती औषधाच्या दुकानात काम करते. चिठ्ठी वाचल्याशिवाय हात न हलवणं हेच तिचं काम. हे मला सुचायला हवं होतं. तिनं पहिलं पान उभ्यानंच वाचलं, मग खाली बसून पुन्हा एकदा वाचलं. मी काहीतरी बोलायला लागलो तर तिनं हातानं थांबवलं. भाऊ तोंड उघडून पुढच्या चमच्याची वाट बघत होता.

"हे कुठं छापलंय ते दावा," ती म्हणाली.

मी मोबाइलवर काढून दाखवलं. तिनं तक्ता मोठा केला, वरून खाली आली, पणजोबा, आजोबा, वडील. ठिपक्याचा अर्थ खाली बारीक अक्षरात दिलेला होता. इंग्रजी तिला मीच शिकवलंय.

तिनं मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "माझ्या आईला इचारलं असतंसा तर तिनं न्हाई म्हणलं असतं."

मी म्हणालो, "व्हय."

"पप्पा पहिल्यांदा पडलं तवा नक्की केवढं होतं?"

"अडतीस."

तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली. ओठ नुसते हलले. "चौदा वर्सं," ती म्हणाली, "बिद्रीला सांगायला लागंल." मग पेन मागितलं, दोन्ही पानांवर सही केली. तक्त्यातलं निघालं तर निघू दे म्हणाली, माझा ठिपका भावकीतल्या दुसऱ्या पोरींच्या तरी नजरेला पडायचा नाही. चमचा उचलून पुन्हा वडिलांना भरवायला लागली.

मी जायला उठलो. चपला घालत होतो तेव्हा आतून तिनं विचारलं, "काका, तुमचं काय आलंय त्यात?"

मला खोटं सांगता आलं असतं. आमच्या घरात ते काही अवघड नव्हतं. पण मी म्हणालो, "मला न्हाई. माझा पांढरा हाय."

"बरं झालं," ती म्हणाली.

तिनं ते मनापासून म्हटलं. टोमणा असता तर मला निभावता आला असता.